मदत हवी आहे: कुत्रीच्या कानात स्यूडोमोनास जंतू, रिपोर्टमध्ये 'सेन्सिटिव्ह' लिहिलंय तरी औषध लागू पडत नाही

राणीची_आई:
नमस्कार मंडळी, आमची राणी, कॉकर स्पॅनिएल, वय ७ वर्षं, आम्ही भांडुपला राहतो. जूनपासून तिचा डावा कान वाहतोय. पहिल्या पावसात भिजली, घरी आणून पुसली पण कानाच्या आत कुठे पुसतो आपण, चार दिवसांत डोकं झटकायला लागली. जवळच्या डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले, आठ दिवसांनी दुसरे, मग तिसरे, एकदाही स्वॅब (कानातल्या पुवाचा नमुना) घेतला नाही, आणि मीही विचारलं नाही याचं फार वाईट वाटतं.

आता हिरवट पातळ पू येतो आणि त्याला कुजका नाही तर गोडसर वास आहे, द्राक्षं पिचल्यावर येतो ना तसा. सासूबाई म्हणाल्या फ्रीजमध्ये द्राक्षं खराब झाली का बघ, आणि भर पावसाळ्यात घरात द्राक्षं कुठली! रात्री अडीच-तीनला कान फटफट आपटल्याचा आवाज येतो, उठून बघावं तर तिच्या गादीच्या खोळीवर हिरवे डाग. कधी न गुरगुरणारी कुत्री परवा कानाला हात लावला तर माझ्यावर गुरगुरली हो.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कल्चर केलं, म्हणजे पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून तपासला. स्यूडोमोनास एरुजिनोसा आला, एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला रेझिस्टंट (दाद देत नाही), अमिकासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला सेन्सिटिव्ह (त्याने मरतो). अमिकासिनचे ड्रॉप्स १२ दिवस झाले घालतेय, काडीचा फरक नाही. भाची परळला व्हेटर्नरीला शिकते, ती म्हणाली मावशी हा संधिसाधू जंतू आहे, बेसिनमध्ये, मोरीत सगळीकडे असतो, धडधाकट कानाला काही करत नाही, याचे व्हिरुलन्स फॅक्टर, म्हणजे इजा करायची त्याची हत्यारं, बघायला हवेत. पण तिची परीक्षा चालू आहे, जास्त छळवत नाही तिला. मग लॅबमध्ये ज्या औषधाने जंतू मरतो त्याने कानात का मरत नाही? आणि सासऱ्यांना डायबिटीस आहे, राणी त्यांच्या पायाशीच झोपते, त्यांना धोका आहे का?

बोक्याचा_बाबा:
ताई, कुणी व्हिनेगर नाहीतर खोबरेल तेल घाला म्हणालं तर ऐकू नका. आम्ही व्हिनेगर घातलं होतं, आतून सोलवटलेल्या कानाला जे झोंबलं त्यानंतर बोका महिनाभर जवळ आला नाही.

दादरचा_व्हेट:
ताई, लॅबमध्ये जंतू सुटे असताना तपासतात, कानात ते तसे नसतात. फ्लॅजेलम नावाच्या शेपटीने पोहत येतात, पिली म्हणजे बारीक केसांसारखे धागे असतात त्यांनी सुजलेल्या कातडीला चिकटतात आणि मग स्वतःभोवती साखरेच्या साखळ्यांचा चिकट गिलावा करतात, हाच बायोफिल्म. मोरीच्या जाळीखाली बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागतो ना, तीच जात. अमिकासिन त्या थरात अडकतं, शिवाय आतले जंतू सुस्तावलेले असतात, त्यामुळे जे थोडं पोचतं त्यालाही दाद देत नाहीत.

संख्या पुरेशी झाली की ते एकमेकांना रासायनिक निरोप देतात आणि मग खरा मारा सुरू होतो. इलास्टेज कातडीतले लवचीक तंतू तोडतं, एक्झोटॉक्सिन ए पेशीतलं प्रोटीन बनणंच बंद पाडतं, म्हणून कानात व्रण पडतात आणि ती हात लावू देत नाही. हिरवा रंग पायोसायनिन आणि पायोव्हर्डिनचा, त्यातलं पायोव्हर्डिन शरीरातलं लोह ओढून जंतूला पुरवतं. आणि सासूबाईंचं नाक पक्कं आहे, द्राक्षांसारखा वास ही या जंतूची जुनी ओळख.

नुसते ड्रॉप्स बदलून हा कान बरा होणार नाही. भूल देऊन आतून नीट धुवावा लागेल, नंतर ट्रिस-ईडीटीए, हे कानात घालायचं द्रावण असतं. जंतूचं बाहेरचं आवरण कॅल्शियम-मॅग्नेशियमने घट्ट धरलेलं असतं, ईडीटीए ते काढून घेतं, आवरण सैल झालं की १५-२० मिनिटांनी औषध घालायचं. पण सगळ्यात आधी, कानाचा पडदा शाबूत आहे का ते कुणी बघितलंय का? फाटका असेल तर अमिकासिन आतल्या कानापर्यंत जाऊन बहिरेपणा येऊ शकतो, तोल जाऊ शकतो. डोकं एका बाजूला कलतं का, चालताना झोकांड्या खाते का, आजच बघा.

आणि या जंतूला संधी दिली कुणी ते शोधा, पाऊस हे निमित्त असतं. स्पॅनिएलचे कान लोंबते, आत मळ जास्त, पण बरेचदा खाली ॲलर्जी असते. पंजे चाटते का? सासऱ्यांचं म्हणाल तर हा जंतू पाण्यात, ओलाव्यात सगळीकडेच असतो, पण डायबिटीसवाल्यांच्या कानात गेला तर हाडापर्यंत पोचू शकतो, म्हणून कान बरा होईपर्यंत तिला वेगळं झोपवा, साफ करताना ग्लोव्हज घाला, खोळी गरम पाण्यात धुवा.

राणीची_आई:
डॉक्टर, खूप खूप आभार. पडदा कुणीच बघितलेला नाही, ती बघूच देत नाही. तुमचं वाचून तिला हॉलमध्ये चालवून बघितलं, डोकं किंचित डावीकडे कलतंय, मला वाटायचं दुखतं म्हणून तसं धरते. आणि पंजे, हो, दोन वर्षं चाटतेय, पुढच्या पायांचे केस विटकरी झालेत, आम्ही सवय समजत होतो. आज रात्रीचे ड्रॉप्स घातले नाहीत, सकाळी उठल्या उठल्या आमच्या डॉक्टरांना फोन करते. भूल देऊन कान धुणं आणि कॅमेऱ्याने पडदा बघणं मुंबईत कुणी करून घेतलंय का? मुलुंड ते दादर कुठेही नेईन, ७ वर्षांच्या कुत्रीला भूल झेपते ना तेवढं सांगा.