मदत हवी आहे: बडोद्याहून तळकोकणात घर घ्यायचंय. वेंगुर्ला, मालवण, देवगड की थेट गोवा?

सुरसागर_काठी:
नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी समुद्राजवळ घर शोधतोय. दोघं बडोद्यात, वय ६३ आणि ६८. दिवाळी झाली की जायचं, होळीला परत यायचं, पावसाळ्यात घर बंद. दोन खोल्या, पडवी, चार झाडं एवढंच हवंय. बजेट सगळं धरून ६० लाख. आईला बीपी आहे, बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून दवाखाना फार लांब नको.

एका दलालाने शिरोड्याजवळ ११ गुंठे दाखवलेत. भरतीच्या रेषेपासून १५० मीटर, खिडकीतून समुद्र दिसेल म्हणतो. सातबाऱ्यावर शेतजमीन आहे, पण वाघोडिया तालुक्यात आमची शेती आहे, तेव्हा खातेदार म्हणून चालून जाईल असं त्याचं म्हणणं. टोकन मागतोय. काय करू?

सातबारा_वाचक:
टोकन देऊ नका. त्या तुकड्यात दोन अडचणी आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत.

पहिली सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी लोकवस्ती आहे, तिथे भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. दाट वस्तीच्या गावात तो ५० मीटर. तळकोकणातली बहुतेक गावं विरळ वस्तीची, म्हणजे १५० मीटरवर नवीन घर विसराच. २०० ते ५०० मीटरमध्येही मोकळीक नाही. तिथली सवलत मुळात कोळीवाडे, गावठाणं अशा पारंपरिक वहिवाटीच्या घरांसाठी आहे, आणि उंची ९ मीटर, तळमजला अधिक एक मजला इतकीच. अंतर मोजायचं ते मंजूर किनारा नकाशावरच्या भरतीरेषेपासून. दलाल पावलं टाकून दाखवतो त्याला किंमत नाही. खाडीकाठाला वेगळा पट्टा लागतो, तोही बघा. केरळमध्ये मरडूच्या इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२०मध्ये पाडल्या. आत राहणाऱ्यांनी पूर्ण पैसे भरलेले होते.

दुसरी शेतजमिनीची. गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्हीकडचा कायदा मुळात एकच, १९४८चा कुळकायदा, कलम ६३. बिनशेतकऱ्याला शेतजमीन मिळत नाही हे बडोद्याच्या माणसाला नव्याने सांगायला नको. पण वाघोडियाच्या खात्यावर विसंबून शिरोड्यात सौदा करू नका. फेरफार अडला तर पैसे विकणाऱ्याकडे आणि नाव सातबाऱ्यावर नाही, अशी स्थिती होते. तुम्ही बघायचं ते गावठाणातलं घर किंवा अकृषिक झालेली जागा, आपल्याकडे बिनखेती म्हणतात ती. सनद (अकृषिक परवानगीचा दाखला) आणि मंजूर नकाशा, दोन्ही हातात घ्या. ग्रामपंचायतीचं घरपत्रक म्हणजे घरपट्टीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे.

सातबाऱ्यात आधी डावीकडची नावं मोजा. कोकणात एका तुकड्यावर १५-२० सहहिस्सेदार असणं अगदी नेहमीचं. निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद नाही. एकाची सही राहिली तरी तो उद्या हिस्सा मागू शकतो. मग भोगवटादार वर्ग २ आहे का ते बघा, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. शेवटी 'इतर हक्क'चा रकाना: कुळ, बोजा, देवस्थान, वन. सिंधुदुर्गात खाजगी वन आणि आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) या नोंदी खास तपासायच्या. १९७५च्या खाजगी वन कायद्यातली नोंद असेल तर तो सातबारा तिथेच मिटून ठेवा.

चिरेबंदी:
वरचं सगळं बरोबर. आता भागाबद्दल.

तुमच्या गरजेला वेंगुर्ला तालुका, पण किनाऱ्यापासून २ ते ५ किलोमीटर आत. देवगडचा कातळ हापूसला उत्तम, माणसाला मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची ओढ लागते. मालवणला बाजार, मासळी, सगळं हाताशी, पण तुम्ही राहणार ते नेमके पर्यटकांचे महिने. तारकर्लीच्या रस्त्यावर तेव्हा शांतता मिळत नाही आणि भावही पर्यटनाचे. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी आणि कुडाळ पाऊण-एक तासावर, ओरोसला जिल्हा रुग्णालय, मोठं काही झालं तर इथली माणसं बांबोळीला गोवा मेडिकलला जातात. मोपा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू आहे, तोही याच बाजूला. बडोद्याहून कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्या थेट मिळतात, फक्त कुडाळ किंवा सावंतवाडीला थांबणारी कोणती ते आधी बघा. नाहीतर मडगावला उतरून उलटं यावं लागतं. गुडघेदुखीच्या माणसाला हे महत्त्वाचं आहे.

समुद्र दिसणारी खिडकी हवीशी वाटते, पण बंद ठेवायच्या घराला ती महाग पडते. खारी हवा ग्रिल, बिजागऱ्या, पंख्याची मोटर, फ्रीजची मागची जाळी, सगळं खाते. दोनेक किलोमीटर आत, मध्ये झाडांचा पट्टा असला की फरक डोळ्यांनी दिसतो. समुद्रावर संध्याकाळी रिक्षाने जा.

सुरसागर_काठी:
मनापासून आभार, दोघांचेही. टोकनला नाही म्हणून कळवलं. बाबांना गोव्याचंही मन आहे. शिवाय वेंगुर्ल्याजवळ किनाऱ्यापासून अडीच किलोमीटरवर एक तयार घर मिळतंय: चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, १२ वर्षं जुनं, विहीर, गावठाणात. मालक ५२ लाख म्हणतो. बघायला जाताना काय काय तपासू?

सातबारा_वाचक:
गोवा या बजेटात किनारी भागात बसवणं कठीण, आणि कागद वेगळे. तिथे सातबारा नसतो, फॉर्म एक व चौदा असतो. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या बायकोचीही सही लागते, आणि वारसांची इन्व्हेंटरी (वारसाहक्क वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) झालेली असावी लागते. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) यांचे हक्क तपासायचे ते वेगळेच. २०२३च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिनशेतकऱ्याला देणं तिथेही बंद झालंय.

वेंगुर्ल्याच्या घराला मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध अहवाल तिथल्याच वकिलाकडून घ्या, बडोद्याच्या नव्हे. भूमी अभिलेखची मोजणी विकणाऱ्याकडून करून घ्या आणि हद्दीच्या खुणा उभं राहून बघा. घरापर्यंतची वाट कुणाच्या सर्व्हे नंबरातून जाते हे विचारा. शेजाऱ्याच्या बागेतून असेल तर वहिवाटीचा हक्क खरेदीखतात लिहून हवा. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,०००, मुद्रांक शुल्क वेगळं. किंमत ५० लाखांवर असल्याने १ टक्का टीडीएस (मालकाच्या नावे आयकर) तुम्हालाच किमतीतून कापून भरायचा आहे, मालक परदेशात राहणारा असेल तर नियम आणखी वेगळा.

चिरेबंदी:
घर मेअखेरीस बघा. दिवाळीत सगळ्या विहिरी गोड असतात. किनारपट्टीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. उन्हाळ्यात उपसा वाढला की खारं वर चढतं. "बोअर मारू, खोल गेलं की पाणी लागेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, किनाऱ्याजवळ खोल गेलं की मचूळच लागण्याची भीती जास्त.

स्लॅबखाली उभे राहा आणि नाण्याने टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर बहुधा आत सळी गंजून फुगली आहे. तुळईच्या खालच्या कडेला सळीच्या रेषेत लांबट चीर आणि तांबूस ओघळ, ही त्याची खूण. कारण बहुधा खाडीची न धुतलेली वाळू: मीठ काँक्रीटच्या आतच असतं, बाहेरून कितीही रंग मारा. अशी चीर दोन-तीन ठिकाणी दिसली तर घराची किंमत जमिनीइतकीच धरा. नवीन काम करायचं झालं तर समुद्री हवेत उघड्या काँक्रीटला एम३० दर्जा आणि सळीवर ४५ मिलिमीटर आवरण मागा, धुतलेली नदीची वाळू किंवा कृत्रिम वाळू, आणि बिजागऱ्या-कड्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या. ३०४वर किनाऱ्यालगत तांबूस डाग धरतात.

नुसता सपाट स्लॅब असेल तर वर उतरतं कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर घालायचा खर्च आत्ताच धरा. सिंधुदुर्गात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बडोद्याच्या तिप्पट, आणि तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून आडवा येतो. त्या बाजूच्या भिंतीला पागोळी दीड-दोन फूट तरी पुढे हवी. त्या भिंतीवर आतून, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंग सोललाय का आणि दाराच्या चौकटीत वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, दोन्ही बोटाने खरवडून बघा. पावसाळाभर बंद घरात बुरशी धरतेच, म्हणून पंधरा दिवसांनी दारं-खिडक्या उघडणारा माणूस गावातच ठरवा. हे आधी, खरेदी नंतर.

आणि पाणी तपासायला आणाच. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळा, पंप दहा मिनिटं चालू ठेवून मग काठोकाठ भरा, झाकण घट्ट, आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. पाण्यातला टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि क्लोराइड २५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. टीडीएस २००० किंवा क्लोराइड १०००च्या वर गेलं तर ते घर सोडा.