टेबल सॉच्या बॉडीला झिणझिण्या येतात, अर्थिंगबद्दल सल्ला हवा

शिवणफळी:
सावंतवाडीजवळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी खेळणी करतो. २ एचपीची सिंगल फेज टेबल सॉ आहे. पाऊस लागल्यापासून टेबलाच्या बिडाला हात टेकला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. चप्पल घातली की कमी. टेस्टर मंद पेटतो. इथले वायरमन म्हणतात, "जांभ्यात अर्थिंग लागत नाही, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वायरीने जोडून लूप मारून टाकू." मारू का?

दुसरं म्हणजे, परवा लाईट गेली म्हणून पात्याजवळचा भुसा ब्रशने काढत होतो. मशीनचा खटका चालूच राहिलेला. हात मागे घेतला आणि लाईट आली, पातं आपोआप फिरायला लागलं. रात्री झोप लागली नाही. सध्या १६ अँपिअरचा एमसीबी आहे, आणखी काय बसवू?

मेगरकाका:
आधी मशीनचा प्लग काढून ठेवा. आणि लूप अजिबात मारू देऊ नका. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर मोटरमधून येणारा फेज त्याच लूपमधून थेट तुमच्या टेबलावर येईल. मोटरमध्ये काही बिघाड नसतानासुद्धा.

एमसीबी जादा करंटला पडून वायर वाचवतो, माणूस नाही. हिशेब करून बघा. जांभ्यातल्या अर्थिंगचा रोध २० ओहम धरा. वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचा) फेज बॉडीला टेकला तर २३० भागिले २०, म्हणजे जेमतेम ११.५ अँपिअर जमिनीत जातील. तेवढ्यावर १६ चा एमसीबी हलत नाही आणि टेबल जिवंत राहतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईट तोडणारा स्विच) याच्या कितीतरी आधी पडते. तुमच्या शेडला ती हवीच. अर्थिंगही हवंच, म्हणजे गळती सुरू झाल्याक्षणी आरसीसीबी पडेल, तुमचा हात लागायची वाट बघणार नाही.

मोटर ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आली तर चालवू नका. टर्मिनल बॉक्स उघडून बघा, तिथे भुसा साचतो आणि पावसाळ्यात ओल धरून बसतो. उघडण्याआधी कपॅसिटर बल्ब लावून डिस्चार्ज करा, प्लग काढला तरी तो झटका देतो.

रंधेवाला:
लाईट येताच मशीन सुरू होण्यावर उपाय म्हणजे डीओएल स्टार्टर (मोटर चालू-बंद करायची बटणांची पेटी). लाईट गेली की त्याची कॉइल सुटते, हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. त्यातला ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरवर जादा भार आला की पडणारा भाग, मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा. रिले सारखा पडतो म्हणून वाढवू नका, पातं बोथट झालंय का ते बघा. मी वाढवला होता, वाइंडिंग जळलं.

एक्स्टेंशन बोर्ड वापरता का? वायर तीन कोअरची, निदान २.५ स्क्वेअर एमएमची घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर घुरघुरते आणि तापते. हातातल्या ग्राइंडरला दोनच पिना असतील आणि प्लेटवर चौकोनात चौकोन असेल तर त्याला अर्थिंग लागत नाही, तो डबल इन्सुलेशनचा आहे.

शिवणफळी:
काका, बोर्डाचा प्लग खोलला. अर्थची हिरवी वायर स्क्रूपाशीच तुटून आत लोंबत होती! म्हणजे मशीनला आजवर अर्थिंगच नव्हतं. मेगरवर मोटर ०.३ आली, वाइंडिंगवाल्याकडे सुकवायला दिली आहे. आरसीसीबी आणि स्टार्टर आणलेत. पण अर्थिंगच्या खड्ड्याचं काय? कातळ दोन फुटांवर लागतो.

मेगरकाका:
विहिरीच्या बाजूला किंवा न्हाणीचं पाणी मुरतं तिथे माती खोल असते, तिथे खणा. अर्थिंगच्या एका पाइपने भागलं नाही तर अंतर ठेवून दुसरा टाका आणि दोन्ही जोडा. अर्थिंगच्या रोधाची मोजणी मे महिन्यात परत करा, पावसात आकडा नेहमीच चांगला येतो. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. मात्र ते फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर ती पडणारच, त्यामुळे प्लग अधूनमधून खोलून बघत जा.