बॅटऱ्या फुल्ल करून ठेवायच्या की अर्ध्यावर?

धागाकर्ता: फील्डवरून आलं की सगळ्या बॅटऱ्या चार्जरला लावायच्या आणि १०० टक्के भरून कपाटात टाकायच्या, ही सवय लिथियम-आयनसाठी मोडायलाच हवी. भरलेला सेल ४.२ व्होल्टला असतो. तसाच पडून राहिला, त्यातही उकाड्यात, की त्याची क्षमता कायमची घटत जाते. महिनाभर काम नसेल तर ४०-५० टक्क्यांवर थंड, कोरड्या जागी ठेवा आणि निघायच्या आदल्या रात्री भरा.

ट्रायपॉड: साफ असहमत. कामाचा निरोप रात्री उशिरा येतो, पहाटे निघायचं असतं. अर्ध्या बॅटरीवर डोंगर चढलो तर जीपीएस रिसीव्हर दुपारीच मान टाकतो आणि सगळ्यांचा दिवस फुकट जातो. बॅटरी काय, आज ना उद्या बदलावीच लागते. तिला जपण्यासाठी काम का अडवायचं?

रानवाट: तुम्ही दोघंही लिथियमचंच बोलताय. आमच्या डेटा लॉगरला (मोजमापं आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राला) १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे, तिला हा सल्ला मारक आहे. ती अर्धी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती नीट चार्ज होत नाही. चार्जर काढून काही तासांनी मीटर लावा: १२.६-१२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. ही कायम भरूनच ठेवायची.
कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) निकेल-मेटल हायड्राइड सेल आणखी वेगळे. त्यात जुने-नवे मिसळू नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्याची ध्रुवता उलटते (धन-ऋण टोकांची अदलाबदल होते) आणि तो कामातून जातो. संचाला नंबर घाला, एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा.

धागाकर्ता: लेड-ॲसिडचं पूर्ण मान्य. ट्रायपॉड, एक संच भरलेला, बाकीचे अर्ध्यावर, आणि भरलेला संच आळीपाळीने बदलायचा. मग निरोप कधीही येवो. शिवाय बर्फाळ जागेवरून आलेला पॅक लगेच चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचतं आणि शॉर्टचा धोका वाढतो.

ट्रायपॉड: थंडीचं पटलं. पण ज्याच्याकडे एकच संच आहे त्याने काय करायचं? मी तर भरूनच ठेवणार.

धागाकर्ता: एकच असेल तर भरून ठेवा, पण उन्हातल्या बंद गाडीत नको. आणि पॅक जरासा जरी फुगलेला दिसला तर चार्ज करू नका, तो बाजूला काढा.