गोव्याच्या उकाड्यात लॅब्राडोर: कूलर घ्यावा का?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. लॅब्राडोर नर, ५ वर्षांचा, वजन ३४ किलो (डॉक्टर म्हणतात ४ किलो जास्तच आहे). घर चिऱ्याचं, वर स्लॅब. एप्रिल लागल्यापासून सकाळी ११ ते संध्याकाळी ५ नुसता धापा टाकतो, जेवण निम्म्यावर आलंय. दुपारी तीन-चार तास घरी कोणी नसतं. त्याच्यासाठी एअर कूलर घेऊ का? अंगावरचे केस मशीनने काढले तर बरं वाटेल का? आणि संध्याकाळी ५ वाजता मोरजीच्या किनाऱ्यावर नेलेलं चालेल का?

कुळागरवाला:
डिचोलीकर बाब, कूलरचे पैसे वाचवा. नागपुरात कूलर चालतो, कारण तिथे मे महिन्यात हवा कोरडी. पाणी झटकन उडतं आणि उडताना हवा गार करतं. आपल्याकडे पारा ३३-३४च्या फारसा वर चढत नाही, पण हवेत ओल इतकी की पाणी उडायलाच मागत नाही. बंद खोलीत कूलर लावलात की तासाभरात भिंतींनाही घाम.

कुत्र्याचं घोडं नेमकं तिथेच अडतं. त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः जिभेवरची, तोंडातली आणि नाकातली ओल उडवून. हवा दमट असली की धापा चालू राहतात पण गारवा येत नाही. उलट त्या श्रमाने अंग आणखी तापतं. वर चार किलो चरबी म्हणजे उन्हाळ्यात घातलेली रजई. 'आज ३३च तर आहे' हे आपलं गणित, त्याचं नव्हे.

पंखा लावा, पण कोरड्या कुत्र्यावर नुसता पंखा फारसा उपयोगाचा नाही. आधी पोट, काखा, जांघांची आतली बाजू आणि पंजे ओले करा, मग टेबल फॅन जमिनीवर ठेवून वारा द्या. पाठीवर तांब्या ओतून काही होत नाही. लॅबचे वरचे केस तेलकट असतात, पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं आणि खालची लव कोरडीच राहते. केस बाजूला करून बोटं कातडीला ओली लागताहेत का, ते बघा.

दुपारी एकटा असेल तेव्हा पश्चिमेची खोली नको. स्लॅब दिवसभर तापतो आणि त्याची धग खाली उतरते ती दुपार कलल्यावर. पूर्वेची किंवा उत्तरेची खोली, गुळगुळीत लादी, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा इन्व्हर्टरवर. एसी असेल तर २६वर किंवा ड्राय मोडवर. ओल कमी झाली तरी त्याची धाप उतरते. पाणी साध्या दिवशी किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे तुमच्या कुत्र्याला पावणेदोन-दोन लिटर. उन्हाळ्यात ३ लिटर भरून ठेवा, दोन जड भांड्यांत, दोन ठिकाणी. एक तो सांडणारच. भांडं रोज घासा; बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर कुत्राही तोंड लावत नाही.

केस मुळीच काढू नका. वरचे केस ऊन अडवतात. मशीन फिरवलं की कातडी भाजते आणि पुढे केस विचित्र उगवतात. त्याऐवजी आतली सुटलेली लव दात्यांच्या ब्रशने एक दिवसाआड काढा, वारा कातडीपर्यंत जाईल.

जेवण सकाळी साडेसहाला आणि रात्री आठनंतर. उन्हाळ्यात थोडं कमी खाल्लं तर घाबरू नका, तसंही वजन उतरायला हवंच. पण पूर्ण दिवस तोंड लावलं नाही तर ताप मोजा.

मांद्रेकर:
पाच वाजता किनारा नको. कोरडी वाळू तेव्हाही तापलेली असते. हाताची पालथी बाजू वाळूवर किंवा डांबरावर ७ सेकंद टेकवा. नाही सोसलं तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. सकाळी सातच्या आत जा. जाताना गोडं पाणी न्या आणि दर दहा मिनिटांनी पाजा, नाहीतर तो समुद्राचं पितो आणि परतीच्या वाटेवर गाडीत जुलाब. चेंडूबरोबर खारं पाणी पोटात जातंच, म्हणून चेंडू फेकणं आवरतं घ्या. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि लोंबते कान आतून कोरडे करा, लॅबचे कान दमट हवेत लवकर चिघळतात.

मोरजीला दोरी सोडू नका. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, मेपर्यंत पिल्लं बाहेर पडत असतात आणि कुत्रे ती घरटी उकरतात.

परसातल्या झाडांखालीही लक्ष असू द्या. मानकुराद आंब्याची कोय गिळली तर आतड्यात अडकू शकते, मग बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. काजूच्या कच्च्या बीच्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. आंबलेले बोंडू (काजूची फळं) खाल्ले तर कुत्रा सरळ झिंगतो. गंमत वाटते, पण ते विषच.

डिचोलीकर:
आभारी आहे. कूलर रद्द. धापा किती झाल्या की धोका समजायचा? ओला टॉवेल पांघरलेला चालतो ना? आणि शहाळं?

फोंड्याची ताई:
गुदस्थानी डिजिटल थर्मामीटर धरून एकदा निवांत वेळी मोजून ठेवा. ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस ठीक. विसाव्याला बसूनही ४०.५ झालं तर ती उष्माघाताची वेळ. आकड्यापूर्वी डोळ्यांना दिसतं ते असं: जीभ टोकाकडे पळीसारखी रुंद होते, हिरड्या लालभडक, लाळ तारेसारखी चिकट, मग उलटी, मागचे पाय लटपटणं.

अशा वेळी थर्मामीटर शोधत बसू नका. आधी गार करा, मग गाडी काढा. सावलीत घेऊन सतत पाणी ओता आणि जोरात पंखा लावा. इथे सगळे फसतात: दुपारी छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी चहासारखं असतं. विहिरीचं ओता, किंवा सकाळीच दोन बादल्या मोरीत भरून ठेवा. तापमान ३९.५वर आलं की थांबा, नाहीतर नंतर अंग जास्तच गार पडतं. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. माणसांची तापाची गोळी अजिबात नाही. तो उठून शेपूट हलवू लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची बिघाडं एक-दोन दिवसांनी वर येतात.

टॉवेल पांघरू नका. पाच मिनिटांत तो गरम होतो आणि आतली वाफ कोंडतो. खाली अंथरा, त्यावर झोपू द्या. शहाळं अर्धी वाटी, तेही कधीतरी; त्यात पोटॅशियम भरपूर, पाण्याऐवजी द्यायची वस्तू ती नव्हे. बिनमिठाचं पातळ ताक जास्त सोयीचं.

न विचारलेलं एक: गोचीड. चिऱ्याच्या भिंतीतल्या भोकांत ती अंडी घालतात, म्हणून नुसता कुत्रा साफ करून भागत नाही. सांधे सिमेंटने बुजवा. औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणेच घ्या. मानेवर सोडायचं असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ बंद. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं आणू नका, मांजरांना ते जीवघेणं असतं. आणि जेवण निम्म्यावर आलं याचं खापर फक्त उकाड्यावर फोडू नका. हिरड्या फिक्या वाटल्या, नाकातून रक्त आलं किंवा सकाळच्या गारव्यातही ताप असला, तर प्लेटलेट तपासून घ्या. गोचीडतापाची सुरुवात अशीच, न जेवण्यानेच होते.