धूमकेतू आणि जीवसृष्टीची सुरुवात: नववीच्या प्रोजेक्टसाठी काय सुचवाल?

गोदाकाठ:
लेक नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनाला तिने हट्टाने हाच विषय घेतलाय. नेटवर बघावं तर 'जीवसृष्टी धूमकेतूवरून आली' असं बिनधास्त लिहिलेलं असतं, त्यात खरं किती? आणि चार्ट सोडून हाताने करून दाखवण्यासारखं काही असेल तर प्लीज सुचवा.

गच्चीवरून:
घमेल्यात धूमकेतू करा, मी दोनदा केलाय. जाड प्लास्टिक अंथरायचं, पाणी, मूठभर माती, कोळशाची पूड, चमचाभर काकवी, मग ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) चुरा टाकून वरून दाबत राहायचं की काळा ओबडधोबड गोळा होतो आणि मधूनच सुईसारखी वाफेची धार सुटते, पोरं तिथून हलत नाहीत. ड्राय आइसला उघडा हात अजिबात नको, जाड हातमोजे, गॉगल, मोकळी हवा पाहिजेच.

रसायनवाली:
हे कराच, पण काकवी टाकताना लेकीला थांबून बोलायला सांगा, काकवी म्हणजे धूमकेतूतले कार्बनी पदार्थ, खरा विषय तिथे आहे. रोझेटा यान २०१४ मध्ये ६७पी धूमकेतूपाशी पोचलं, त्याच्याभोवतीच्या वायूत ग्लायसिन आणि फॉस्फरस सापडलं. ग्लायसिन म्हणजे सगळ्यात साधं अमिनो आम्ल, प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं एक. जिवंत मात्र तिथे काही सापडलेलं नाही, हे तिने ठासून सांगावं.
आणि स्टारडस्ट यान सोडू नका. त्याने वाइल्ड २ धूमकेतूची धूळ एरोजेलमध्ये (अतिशय हलक्या, सच्छिद्र पदार्थात) पकडली, कुपी जानेवारी २००६ मध्ये यूटाच्या वाळवंटात उतरली, ग्लायसिन दिसलं, पण ते पृथ्वीवरच चिकटलेलं तर नाही ना हे तपासत तपासत २००९ उजाडलं. त्यातलं कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड प्रकार) इथल्यापेक्षा जास्त निघालं तेव्हा खात्री पटली.

सांजवेळ:
नारळीकर सरांचा सहभाग असलेले, खूप उंचावरची हवा गोळा करणारे बलूनचे प्रयोगही घ्या की. इस्रोच्या २००५ च्या बलूनमध्ये तीन नव्या जातींचे जीवाणू मिळाले, एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं नाव दिलंय. ते पृथ्वीबाहेरूनच आले हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेक आत्ताच विचारतेय, कार्बन-१३ टेबलावर कसं दाखवू?

रसायनवाली:
ताटलीत ९९ पांढरे वाटाणे आणि एक काळा वाटाणा ठेव म्हणावं. पृथ्वीवर शंभर कार्बन अणूंत साधारण एकच १३ वाला असतो, धूमकेतूच्या ग्लायसिनमध्ये त्याहून किंचित जास्त, मोजता येईल इतपत. मुलांना तो काळा वाटाणा शोधायला लावा.