आवडत्या हॉरर पिक्चरचा रिमेक येतोय कळल्यावर पोटात गोळा आलाय का? तुमचे अनुभव लिहा

रिमेकची बातमी आली की माझ्या तोंडून पहिला शब्द ‘कशाला?’ हाच निघतो. कारण सांगते. रॉबर्ट वाइजचा 1963 चा ‘द हाँटिंग’ मी आणि ताईने लहानपणी रात्री बघितला होता, कृष्णधवल, आणि त्यात भूत असं दिसतच नाही हो, नुसता बंद दरवाजा आतल्या बाजूला फुगतो, लाकूड श्वास घेतंय असं वाटतं, बस. आणि तो हाताचा सीन, अंधारात एलिनॉर मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेली असते आणि दिवा लागतो तर मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग धरलेला हात कोणाचा? ताई आणि मी तेव्हा एकमेकींचा हात धरूनच बसलो होतो, दोघींनी एकदम सोडला. 1999 च्या रिमेकमध्ये सगळं कॉम्प्युटरने करून दाखवलंय, पुतळे हलतात, कोरीव चेहरे हलतात, भूत समोर येऊन उभं राहतं. मी शांतपणे बघत बसले आणि त्या शांतपणाचंच फार वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत असं झालंय का, आणि उलटं झालं असेल तर तेही नक्की लिहा.

*

सायको. 1998 चा. हिचकॉकचे शॉट जवळपास जसेच्या तसे, मूळ संगीतकार हरमनचं तेच संगीत, फक्त रंगीत आणि नट नवे. मला वाटायचं निदान यात बिघडायला काही वाव नाही. पण बाथरूमच्या सीनला मी नुसता ताडून बघत होतो की हा शॉट जुन्यात इथेच होता ना. पुढचं माहीत होतं म्हणून असं झालं म्हणावं तर 1960 चा मी कितीतरी वेळा बघितलाय, प्रत्येक वेळी पडद्यामागे ती सावली आली की अजून खांदे आखडतात. जुन्यात रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलंय हे माहीत असूनसुद्धा.

*

मी नाटकांसाठी मुखवटे आणि मेकअप करते त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. सगळे रिमेक एकाच मापाने मोजू नका प्लीज. कार्पेंटरचा 1982 चा ‘द थिंग’ आपण सगळे क्लासिक म्हणून डोक्यावर घेतो, पण तो ज्या 1938 च्या कथेवर आहे तिच्यावर 1951 मध्ये एक पिक्चर येऊन गेला होता, आणि कार्पेंटरचा आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला होता, चाललाही नव्हता. क्रोनेनबर्गचा 1986 चा ‘द फ्लाय’ पण रिमेकच, 1958 च्या पिक्चरचा, आणि त्याला मेकअपचं ऑस्कर आहे. त्यातली हळूहळू गळून पडणारी कातडी, नखं, मी हे काम शिकायचं ठरवलं ते ती बघून.

पण माझंही दुखणं आहेच. 2011 मध्ये ‘द थिंग’च्या आधीची गोष्ट म्हणून जो पिक्चर आला त्यासाठी कारागिरांनी खरे, हलणारे प्राणी बनवले होते, आणि नंतर त्यातल्या बऱ्याच कामावर कॉम्प्युटर इफेक्टचा थर चढवला. मला हे नंतर कळलं, आणि कोणीतरी महिने घालून रबराला जीव आणलेला असणार आणि तो झाकून टाकला हे डोक्यातून जात नाही. म्हणून 2013 चा ‘इव्हिल डेड’चा रिमेक बघायला घाबरतच गेले होते. त्यात बहुतेक सगळं प्रत्यक्ष सेटवर केलेलं आहे, आणि ते कळतं. हाताने केलेलं कळतं.

*

हॅलोवीन. 1978 च्या पिक्चरमधल्या खुनी मायकेलला मारायला कारणच नव्हतं, तेच भयंकर होतं. 2007 मध्ये त्याचं अख्खं बालपण दाखवलं. मला त्याची दया आली. ज्याची दया येते त्याच्या भीतीने रात्री खिडकी कशी बंद करणार?

*

मराठीतलं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ‘लपाछपी’ 2017 ला थिएटरात बघितला, ते उसाचं शेत आणि मधलं घर, बाहेर पडल्यावर बराच वेळ बायकोशी बोललो नाही. मग 2021 ला हिंदीत ‘छोरी’ येतोय कळलं आणि खरंच राग आला, आपली गोष्ट तिकडे जाऊन गुळगुळीत होणार असं वाटलं. दिग्दर्शक विशाल फुरियाच होते म्हणून बघितला. मला मूळचाच जास्त लागला, पण ऑफिसातली एक मैत्रीण ‘छोरी’ आधी बघून हादरली होती आणि तिने स्वतःहून मराठी कुठे बघायला मिळेल विचारलं. माझा राग त्या दिवशी बराच उतरला.

*

मी तर ‘द रिंग’ 2002 चाच आधी बघितला, मूळ जपानी आहे हेच माहीत नव्हतं. नंतर 1998 चा ‘रिंगू’ बघितला आणि तेव्हा कळलं इथले लोक काय म्हणतात ते. जपानीत सदाकोचा, म्हणजे त्यातल्या भुताचा, चेहरा दिसत नाही, फक्त केसांतून एक डोळा. तिची चाल अशी विचित्र का दिसते तर नटीला उलटं चालवून शूट केलंय आणि फिल्म उलटी फिरवलीये. अमेरिकनमध्ये चेहरा दाखवतात. पण खरं सांगू, मी पंधरा वर्षांची असताना टीव्ही बंद करून प्लग काढायचे ते त्या रिमेकमुळे, त्यामुळे मी त्याला वाईट म्हणणार नाही.

*

टेक्सास चेनसॉ 1974 आणि 2003, दोन्हींचा कॅमेरामन एकच, डॅनियल पर्ल. पहिला 16 एमएमवर, उन्हाने भाजलेला, घामाचा वास येईल असा. दुसरा देखणा. माणूस तोच, गोष्ट तीच, तरी ते परत आलं नाही. यावर मी अजून विचार करतोय.

*

धागा काढणारी परत आलेय. मुखवटेवाल्या ताई, तुमचं पटलं, ‘द फ्लाय’ मी रिमेक म्हणून कधी धरलाच नव्हता. तुम्हा सगळ्यांचं वाचून काल भाचीला 1963 चा ‘द हाँटिंग’ लावून दिला, ती चौदाची आहे, मला वाटलं मोबाईल बघत बसेल. दरवाजा फुगला तेव्हा तिने मोबाईल उलटा ठेवला आणि विचारलं, पलीकडे काय आहे? म्हटलं, मलाही माहीत नाही. शेवटपर्यंत दाखवत नाहीत? म्हटलं, नाही. रात्री तिने मला खोलीचं दार उघडंच ठेवायला सांगितलं.