पोराच्या ईईजी रिपोर्टवर 'पोस्टिरियर स्लो वेव्ज ऑफ यूथ' लिहिलंय, म्हणजे काय ओ?

होटगीरोडची_आई:
सोलापुरातनं लिहितेय. पोरगा १३ चा, आठवीत. गेल्या आठवड्यात शाळेत प्रार्थनेला उभा असताना चक्कर येऊन पडला, ऊन काय आपल्याकडचं सांगायला नको. डॉक्टरांनी सेफ्टीसाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांची तपासणी, करायला लावला. डोक्याला पेस्ट लावून वीसेक वायरी चिकटवल्या, डोळे मीट-उघड करायला सांगितलं, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. रिपोर्ट 'नॉर्मल' आहे पण खाली ही ओळ. डॉक्टर म्हणाले या वयात असतं, काळजी नको, आणि पुढचा पेशंट आत. घरी येऊन 'स्लो वेव्ज' सर्च केलं आणि माझीच झोप उडाली. मेंदू स्लो आहे का काय पोराचा? मार्क तर बरे पडतात.

वायरवाला_काका:
ताई आधी ते सर्च बंद करा. मी २२ वर्षं हेच काम केलंय. स्लो म्हणजे मंद नाही ओ, लाट सेकंदाला किती वेळा वरखाली होते त्याचा हिशोब आहे तो. डोळे मिटून निवांत पडलं की डोक्याच्या मागच्या बाजूला एक ताल दिसतो. तीन-चार महिन्यांच्या बाळात सेकंदाला ३-४, तीन वर्षांच्या पोरात ८ च्या आसपास, आणि वयात येता येता १० च्या जवळ जाऊन टिकतो, त्याला आल्फा म्हणतात. तर या आल्फात मधूनच एखादी रुंद सावकाश लाट घुसते, शाळकरी वयात लै कॉमन, आणि डोळे उघडले की आल्फासोबत ती पण गायब. हीच ती. मोठेपणी दिसेनाशी होते. नवशिका माणूस तिलाच बघून फिट्सचा शिक्का मारतो, म्हणून तर डोळे उघड-मीट सतरा वेळा.

मागवाला:
झोपेतलं तर अजून भारी आहे. गाढ झोपेतल्या मोठ्ठ्या सावकाश लाटांचा, म्हणजे डेल्टा लाटांचा, जोर वयाच्या ११-१२ पासून १६-१७ पर्यंत निम्म्याच्याही खाली येतो. फाइनबर्ग नावाच्या संशोधकानं १९८२ मध्ये मांडलं की या वयात मेंदू नको असलेली कनेक्शन्स छाटतो, त्याचंच हे चित्र. आमच्या शेडच्या भिंतीला बाहेरनं कान लावला तर एकेक माग ऐकू येत नाही, सगळ्यांचा मिळून खडखडाट तेवढा येतो. ईईजी पण कवटीबाहेरनंच ऐकतो. माग कमी झाले की आवाज कमी, म्हणून कापड वाईट निघतं असं नाही. (आमचे माग भंगारात गेले ते वेगळ्या कारणानं, ते जाऊ दे.)

चहाबाज_सातरस्ता:
मग माझी पोरगी रात्री एकपर्यंत जागते ते पण या लाटांमुळेच का?

वायरवाला_काका:
नाही, ते वेगळं खातं. या वयात झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, रात्री उशिरा सुटायला लागतं, वर मोबाईल आहेच. ताई, एक विचारायचं राहिलं, सकाळी उठल्या उठल्या पोराचे हात झटका बसल्यासारखे उडतात का, ब्रश, कप हातातनं पडतो असं? याच वयात सुरू होणारा एपिलेप्सीचा एक प्रकार असतो, जागरण झालं की वाढतो, आणि पोरं सांगत नाहीत. तसं असेल तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

होटगीरोडची_आई:
आत्ताच विचारलं काका. हात-बित काही उडत नाहीत म्हणतो. पण त्या दिवशी दूध बेसिनमध्ये ओतून उपाशीच शाळेत गेला होता हे मात्र आज कबूल केलं. केसातली पेस्ट अजून निघालेली नाही, शिकेकाई चालेल का?